गाळणी कोणी काढली?

१

ती ई-मेल मी पुरती वाचली नाही. चार ओळी वाचल्या, कागद पालथा घातला आणि मोरीत जाऊन हात धुऊन आले.

"मलाही तसंच झालं," समोर बसलेली मुलगी म्हणाली. "आणि हे माझ्या सासूबाईंनी लिहिलं, असं म्हणतायत."

पोलिसातली नोकरी सोडून मी शनिवार पेठेत चौकशीचं ऑफिस टाकलं, त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. साल दोन हजार तीन. पुण्यात आयटीचा पैसा आला होता आणि लग्नाआधी मुलाची माहिती काढून घेणाऱ्यांची रांग लागली होती. दुसऱ्यांच्या मोऱ्या उपसायच्या, त्यावर आपलं पोट. वासाची सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

मुलीचं नाव शेफाली भालेराव. कल्याणीनगरला एका कॉल सेंटरमध्ये कामाला. तिच्या सासूबाई सरोजिनी भालेराव, येरवड्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. मला आठवीला त्यांनी शिकवलं होतं, त्यामुळे त्या चार ओळी जास्तच घशाशी आल्या. सरळ नाकाची, सरळ बोलणारी बाई. नवरा गेल्यावर एकटीनं मुलगा मोठा केला. आणि त्यांच्या ई-मेलवरून रविवारी दुपारी शाळेच्या सगळ्या विश्वस्तांना तो मजकूर गेला. अध्यक्षांना उद्देशून, बाईंच्या सहीनं, नको त्या भाषेत केलेलं आमंत्रण.

सोमवारी संस्थेनं बाईंना घरी बसवलं. मंगळवारी शाळेच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं गेलं. काय लिहिलं, ते शेफालीनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"दुसऱ्या कुणी बाहेरून पाठवली असेल," मी म्हटलं.

"नाही ना. मेल गेली तेव्हा आमच्याच घरचा फोन नेटला जोडलेला होता. फोनवाल्यांनी तसं लेखी दिलंय. म्हणून पोलिसांनी राकेशला उचललं. आमचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. रविवारी सकाळी तो येऊन गेला होता आणि आईंचा ई-मेलही त्यानंच उघडून दिला होता."

"मेल दुपारी गेली. राकेश सकाळी गेला."

"मी पण तेच म्हटलं. साहेब म्हणाले, कॉम्प्युटरवाला आहे, काहीही करू शकतो." तिनं पदर पिळला. "शनिवारी संस्थेची बैठक आहे. आईंना काढून टाकणार. आणि मॅडम, खरं सांगू? दुपारी घरात फक्त आई होत्या."

२

येरवड्यातलं घर छोटं, नीटनेटकं. बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात कॉम्प्युटर होता. त्यावर पांढरी चादर टाकली होती. सोमवारपासून त्याला कुणी हात लावला नव्हता. घरात मयत झाल्यासारखे सगळे त्याच्यापासून लांब बसत होते.

सरोजिनीबाई आतून आल्या. मला बघून थबकल्या. "कल्याणी, तू? शेफालीनं तुला बोलावलं? कशाला उगीच." आणि परत आत गेल्या. ज्या बाईला निर्दोष सुटायचंय ती चौकशीला अशी पाठ का फिरवते, हे मला कळेना.

त्याच घरात राहणारे बाईंचे दीर सर्जेराव मात्र समोरच येऊन बसले. कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले. परीटघडीचा पांढरा सदरा. वस्तीत मान मोठा. विहारात दर महिन्याला तरुणांना चारित्र्यावर भाषण देतात, असं शेफालीनं येताना सांगितलं होतं. भाऊ गेल्यावर पुतण्याच्या शिक्षणाचा खर्च त्यांनीच केला होता.

"विचारा, बाई, काय विचारायचं ते," ते म्हणाले. बोलताना स्कूटरची किल्ली कानात घालून सावकाश फिरवत होते. मग ती बाहेर काढून निरखायची, बोटानं पुसायची आणि परत घालायची. माझी नजर हटत नव्हती.

"रविवारी तुम्ही कुठं होतात?"

"शनिवारी सकाळीच मी साताऱ्याला गेलो, लग्नाला. रविवारी पंगतीत जेवून निघालो. तिथून थेट विहारात. घरी यायला संध्याकाळ झाली. आलो तर ही आमची सूनबाई कॉम्प्युटरला चिकटलेली. पडद्यावर ते पिवळे हसरे चेहरे नाचत होते. चॅटिंग. परक्या पुरुषांशी काय बोलतात, देव जाणे." त्यांनी आवाज खाली आणला. "मी कुणाचं नाव घेत नाही. पण सासू-सुनेचं फारसं पटत नाही. वहिनींचा पासवर्ड काय आहे ठाऊक आहे? माझ्या भावाचं नाव. घरात सगळ्यांना माहीत. शेंबड्या पोरालासुद्धा ओळखता येईल."

"म्हणजे शेफालीनं केलं?"

"मी तसं म्हटलं का?" ते हसले. किल्ली पुन्हा कानात गेली. "तुम्ही म्हणालात."

३

शेफालीला मी मागच्या पडवीत गाठलं.

"रविवारी संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसली होतीस?"

"हो. मी आणि साईनाथ, माझा नवरा, खडकीला माझ्या माहेरी गेलो होतो. संध्याकाळी आलो आणि मी बसले. पत्ते खेळत होते."

"पत्ते? चॅटिंग नाही?"

"नेट चालतच नव्हतं. फोन जोडला जायचा, तो किर्र आवाज पण यायचा, पण एक पान उघडेल तर शपथ. म्हणून मग पत्ते."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती खाली बघायला लागली. काहीतरी अजून होतं. जरा वेळ दिला, तेव्हा आलं.

"मॅडम, त्या कॉम्प्युटरवर घाणेरड्या जाहिराती यायच्या. आपोआप. आई स्कॉलरशिपचा निकाल बघायला बसल्या की उघड्यानागड्या बायका टुणकन वर. आई बिचाऱ्या मॉनिटरच बंद करायच्या. कुणीतरी तसल्या साइटवर जातं म्हणून त्या मागं लागतात, असं माझ्या ऑफिसात मुलं सांगतात." तिचा चेहरा वाकडा झाला. "घरात तरुण पुरुष एकच आहे. माझा नवरा. दोन महिने मी त्याला हात लावू दिलेला नाही. विचारायचीसुद्धा किळस वाटते मला."

साईनाथ बाहेरच्या खोलीत उभा होता. खराडीला एका कंपनीत प्रोग्रामर. झोप नसलेले डोळे. मी त्याला चादर काढायला लावली. त्यानं ती दोन बोटांनी उचलली.

"या जाहिरातींचं तू काय केलंस?"

"शनिवारी रात्री एक प्रोग्राम टाकला. गाळणीच म्हणा. जाहिराती अडवते, आपल्यावर पाळत ठेवणाऱ्या फायली अडवते, नको त्या साइट बंद करते. शेफालीला सांगितलं, आईला सांगितलं की आता घाण येणार नाही. बाकी कुणाला नाही." कॉम्प्युटर सुरू झाला. तो पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बघत राहिला. मग यादी उघडली, पुन्हा उघडली.

"काय झालं?"

"गाळणी नाहीये. कुणीतरी काढून टाकलीय."

"म्हणून नेट चालत नव्हतं?"

त्यानं कपाळावर हात मारला. "अर्थात! बघा, मी ब्राउझरला सांगून ठेवलं होतं की कुठलंही पान थेट बाहेरून आणायचं नाही, आधी गाळणीकडं मागायचं. दारावर वॉचमन ठेवला आणि घरच्यांना सांगितलं, टपाल त्याच्याच हातात द्या. आता वॉचमनला हाकललं, पण घरच्यांना सांगितलंच नाही. ते अजून त्याच रिकाम्या खुर्चीवर टपाल ठेवतायत. कुठून पोचणार?" त्यानं सेटिंग दाखवलं. रिकामी खुर्ची तशीच होती.

"तू काढली असतीस तर?"

"तर आधी हे सेटिंग बदललं असतं. मी काय, राकेशनंसुद्धा. आमचं रोजचं काम आहे. हे ज्याला फक्त प्रोग्राम उडवायचं कळतं आणि पुढचं कळत नाही, त्यानं केलंय."

"पण का काढावी?"

साईनाथ पुन्हा पडद्याकडं वळला. "तिची एक खिडकी असते. नेटवर जे पान मागाल त्याचा पत्ता त्या खिडकीत ओळीनं उमटत जातो. मी ती लपवायला विसरलो होतो. कुणी बसला असेल आणि आपण काय काय बघितलं ते असं डोळ्यांसमोर उमटताना त्याला दिसलं असेल, तर घाबरला असेल."

"या खिडकीबद्दल तू कुणाशी बोलला आहेस?"

"आत्ता तुमच्याशी."

"मग आता तोंड बंद. बायकोशीसुद्धा नाही."

त्यानं मान हलवली. मग हळूच म्हणाला, "मॅडम, मेल वेबवरून गेलीय. म्हणजे गाळणी काढायच्या आधी. आणि घरात तेव्हा..." त्यानं आतल्या खोलीच्या बंद दाराकडं बघितलं आणि वाक्य सोडून दिलं.

४

बाईंनी दार उघडलं तेव्हा आतून आधी कडी सरकल्याचा आवाज आला, मग अजून एकीचा. खोलीत गेल्यावर मी दाराकडं वळून बघितलं. जुनी कडी होतीच. तिच्यावर खांद्याच्या उंचीला दुसरी, जाड, नवी. लाकडाचा भुसा अजून भोकात दिसत होता.

"ही कशाला?"

"मांजर येतं," बाई म्हणाल्या.

मांजराला कडी उघडता येत नाही, एक असली काय आणि दोन असल्या काय.

"रविवारी दुपारी काय केलंत?"

"जेवले, कडी लावून झोपले. उठून चहा केला आणि निकाल बघायला बसले. पान उघडेना. मी खडकीला फोन केला, साईनाथला विचारलं. तो म्हणाला लाइन खराब असेल, आलो की बघतो. बस."

"झोपला होतात तेव्हा बाहेर काही ऐकलंत?"

बाईंनी पांघरुणाची घडी उलगडली, पुन्हा घातली. "कल्याणी, मला वाचवायचा उद्योग सोड. नोकरी गेली तर गेली. पेन्शन बुडू नये एवढं बघ."

"बाई, राकेशला चौकीत मारलंय. त्याच्या आईला मी सकाळी भेटले. भिंतीला डोकं आपटून घेत होती."

त्यांचा हात घडीवर थांबला. ज्याचं नाव घ्यायलाच जीभ विटाळते, असं काहीतरी त्या तोंडात धरून बसल्या होत्या.

बाहेर आल्यावर मी कोपऱ्यावरच्या बूथवरून साताऱ्याला फोन लावला. लग्नघरच्या माणसानं जे सांगितलं, ते ऐकून मी रिसीव्हर ठेवला आणि रुमालानं हात पुसले.

५

शुक्रवारी संध्याकाळी मी चौघांना बाहेरच्या खोलीत बसवलं. बाई दारापाशी, साईनाथ-शेफाली पलंगावर, दोघांमध्ये हातभर जागा सोडून. सर्जेराव आरामखुर्चीत.

"त्या दिवशी या कॉम्प्युटरवर एक नवा प्रोग्राम होता," मी म्हटलं. "साईनाथनं शनिवारी रात्री टाकला होता, घाण अडवायला. रविवारी कुणीतरी तो काढून टाकला. ज्यानं मेल पाठवली त्यानंच. तो का काढला, एवढंच मला समजत नाही."

"त्यात न समजण्यासारखं काय आहे?" सर्जेराव म्हणाले. "मुलानं आईवर पाळत ठेवायची? कोण काय बघतं ते ओळीनं त्या खिडकीत लिहून येणार, कोण खपवून घेईल? वहिनींना राग आला असेल, काढून टाकलं असेल."

साईनाथनं मान वर केली.

"कुठल्या खिडकीत, काका?" तो म्हणाला.

"त्या... प्रोग्रामच्या."

"मी प्रोग्राम म्हटलं," मी म्हणाले. "घाण अडवायला म्हटलं. खिडकीचं अवाक्षर काढलं नाही. प्रोग्राम शनिवारी रात्री आला, तेव्हा तुम्ही साताऱ्यात. रविवारी दुपारी बाई चहा घेऊन बसल्या त्याआधीच तो गेला होता, कारण तेव्हापासून या कॉम्प्युटरवर एकही पान उघडलेलं नाही. बाईंनी खडकीला फोन केला तो त्याचसाठी. त्यांनी स्वतः काढला असता तर बिघाड विचारायला फोन कशाला केला असता? शेफाली आणि साईनाथ तेव्हा तिथं खडकीत होते. राकेशनं काढला असता तर नीट काढला असता. ती खिडकी शनिवार रात्र ते रविवार दुपार एवढ्याच वेळात कुणाला दिसू शकली असती. तुम्हाला कुठं दिसली?"

"कुणीतरी बोललं असेल घरात."

"बरं. तुम्ही संध्याकाळी आलात आणि शेफालीच्या पडद्यावर पिवळे हसरे चेहरे पाहिलेत. मेलेल्या नेटवर चॅटिंग कसं चाललं होतं? ती पत्ते खेळत होती. तुम्ही दारातून तिची पाठ बघितलीत आणि बाकीचं मनानं रंगवलंत. आणि साताऱ्याचे यजमान म्हणतात, पाहुणे पंगतीला थांबलेच नाहीत, पहिल्या एसटीनं गेले."

सर्जेरावांच्या कपाळावर घाम आला होता. पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीनं त्यांनी तो टिपला.

"घर रिकामं असेल म्हणून आलात," मी म्हटलं. "नेहमीच्या साइट उघडायला गेलात, त्या उघडेनात. पण मेल उघडत होती. बाईंचा पासवर्ड तुम्हाला ठाऊक होताच. मजकूर पाठवून झाला आणि मग खिडकीकडं लक्ष गेलं. सगळे पत्ते तिथं. भ्यालात. प्रोग्राम उडवला आणि विहारात जाऊन भाषण ठोकलंत. रविवारी विषय काय होता हो? चारित्र्यच ना?"

"पुरावा दाखवा!" ते ओरडले. थुंकी माझ्या हातावर उडाली. "आणि मी का करीन? माझ्या सख्ख्या भावाची बायको! कारण सांगा, कारण!"

कारण माझ्याकडं नव्हतं. माझ्याकडं फक्त एक नवी कडी होती. मी बाईंकडं बघितलं.

६

पण बोलला साईनाथ. घसा खाकरून, माझ्याकडं न बघता.

"आई, काकांनी मला शिकवलं. आज मी जो आहे तो त्यांच्यामुळं. उद्या संस्थेत सांगू की व्हायरस होता. असे व्हायरस असतात, आपोआप मेल पाठवतात. मी लिहून देतो, माझ्या कंपनीच्या कागदावर. तुझी नोकरी राहील. काका गावाकडच्या घरी जाऊन राहतील. घरातली गोष्ट घरात."

सर्जेरावांनी मान डोलावली. फार पटकन रंग परत आला त्यांच्या तोंडावर. "पोरगं शहाणं आहे, वहिनी," ते म्हणाले. "झालं गेलं."

"आणि राकेश?" शेफालीनं विचारलं.

"त्याला सोडतील," साईनाथ म्हणाला. "थोड्या दिवसांनी."

शेफाली पलंगावरून उठली आणि सासूजवळ जाऊन उभी राहिली. बाई मुलाकडं बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अन्नात काही सापडल्यावर ताट बाजूला सारताना माणूस जसं बघतो, तसं.

"साईनाथ, तुझे बाबा गेले त्या वर्षी तू हॉस्टेलला होतास," त्या म्हणाल्या. "भाऊजी एका दुपारी माझ्या खोलीत आले. मी ढकलून दिलं, ते हसले. म्हणाले, पोराची फी कोण भरतं, विसरू नका. मी विसरले नाही. तू शिकलास. त्यानंतर ते दाराशी यायचे, उभे राहायचे आणि जायचे. नुसतं तेवढंच, पण इतकी वर्षं. गेल्या महिन्यात पुन्हा आत आले. मी थोबाडीत मारली आणि दुसरी कडी बसवून घेतली. ते म्हणाले, तुला अशी करीन की तोंड दाखवता येणार नाही." त्या थांबल्या. "ई-मेल वाचताक्षणी मला कळलं कुणाची आहे. त्यातले दोन शब्द त्यांनी दाराबाहेर उभं राहून मला ऐकवले होते."

"आई, तू मला कधी..." साईनाथचा आवाज चिरकला.

"तुला आत्ता कळलंय," बाई म्हणाल्या. "आणि कळायच्या आधी तू कागद द्यायला निघाला होतास. राकेशलाही आई आहे रे."

सर्जेराव उठले आणि त्यांच्याकडं सरकले. "वहिनी, लोकांत तुमचीच अब्रू..."

"माझ्या अंगाजवळ यायचं नाही," बाई म्हणाल्या. शाळेच्या मैदानावर पोचेल असा आवाज होता तो. शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. सर्जेराव जागच्या जागी उभे राहिले. बाईंनी चपला घातल्या.

चौकीत आम्ही तिघी रिक्षानं गेलो. साईनाथ मागून स्कूटरवर आला, पण आत आला नाही. राकेश बाकावर बसला होता. डोळा सुजलेला, शर्टाची बटणं तुटलेली. बाईंना बघून तो उठायला गेला.

"बस," बाई म्हणाल्या. "आधी तुझं."

त्यांनी हवालदाराला आधी राकेशचं सांगितलं आणि ते लिहून होईपर्यंत हलल्या नाहीत. मग स्वतःचं सुरू केलं. हवालदार मध्यमवयीन, कंटाळलेला. पहिल्या दोन वाक्यांनंतर त्यानं पेन खाली ठेवलं.

"बाई, घरचा माणूस आहे. हे सगळं घालायलाच पाहिजे का? नुसतं कॉम्प्युटरचं घालू. तुमचंच नाव होणार गावभर."

"घाला," त्या म्हणाल्या.

पुढं सांगताना त्यांचा आवाज दोनदा तुटला. शेफालीनं पाण्याचा ग्लास पुढं केला, त्यांनी तो घेतला नाही. जीभ एका शब्दापाशी अडली. त्यांनी डोळे मिटले आणि तो शब्द उच्चारला, स्पष्ट, अक्षर न् अक्षर: विनयभंग. हवालदारानं खाली मान घालून लिहिलं. बाईंनी डोळे उघडले, पुढं वाकल्या आणि कागदाकडं बघितलं.

"वि पहिली," त्या म्हणाल्या. "तुम्ही दुसरी काढलीय. दुरुस्त करा, मग पुढचं सांगते."